दुरुस्त झालेल्या चुका कोण वाचतं?

पतसंस्थेत, महाविद्यालयाच्या संगणक विभागात, कारखान्याच्या स्टोअरशेजारच्या खोलीत एखादा तरी सर्व्हर असा असतो, ज्याचं एएमसी संपलंय पण काम संपलेलं नाही. निदान करणारं कंपनीचं सॉफ्टवेअर त्या कराराबरोबरच गेलेलं असतं, किंवा त्याची जुनी आवृत्ती नव्या लिनक्सवर चालत नाही. काही ठिकाणी ही अडचण मुद्दाम पत्करलेली असते. यंत्र बाहेरच्या नेटवर्कला जोडायचंच नाही, असा तिथला नियम असतो. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असतानाही तो तापमान, पंखे आणि वीजपुरवठा यांवर लक्ष ठेवतो. पण त्याच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी इतक्या वेळा उघड झाल्या आहेत, की सावध ॲडमिन त्याची केबल वेगळ्या नेटवर्कवर ठेवतात आणि तसं नेटवर्क नसेल तर काढूनच टाकतात. कारण कोणतंही असो, बिघाडाची ईमेल येत नाही आणि स्क्रीनवर लाल ठिपका उमटत नाही.

आता यंत्र बंद पडेपर्यंत काही कळायचं नाही, असं मग सांभाळणाऱ्यांना वाटू लागतं. ते खरं नाही. प्रोसेसर, रॅम, डिस्क, नेटवर्क कार्ड ही सगळी मंडळी आपापल्या चुका कुठे ना कुठे नोंदवतच असतात. त्या नोंदी गोळा करून अर्थ लावणारं सॉफ्टवेअर तेवढं गेलेलं असतं, आणि ते काम माणसाला हातानं करता येतं. नीट केलं तर फार चांगलं करता येतं.

मुळात यंत्राला स्वतःच्या चुका दुरुस्त करता याव्यात, ही कल्पनाच माणूस जागेवर नसण्यातून आली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला रिलेंवर चालणारा संगणक शनिवार-रविवारी वापरायला मिळे. एरवी यंत्राला चूक आढळली की ते थांबे आणि ऑपरेटर येऊन ती निस्तरत. सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर नसत, म्हणून यंत्र अडलेलं काम सोडून सरळ पुढचं काम हाती घेई. सलग दोन आठवडे हॅमिंग सोमवारी आले, तर त्यांचं गणित तसंच पडलेलं. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे कळून त्यानं ती सुधारावी का नाही, या प्रश्नानं त्यांना पछाडलं. त्याचं उत्तर १९५० मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये छापून आलं.

आजच्या सर्व्हरमधली ईसीसी रॅम त्याच विचारावर उभी आहे. माहितीच्या दर ६४ बिटांसोबत ८ जादा बिटं साठवली जातात. वाचताना त्यांची पडताळणी होते. एक बिट उलटलेलं असेल तर ते कोणतं हे कळतं आणि जागीच सुधारलं जातं. दोन उलटली असतील तर चूक कळते पण सुधारता येत नाही, आणि चुकीची माहिती पुढे जाऊ देण्यापेक्षा यंत्र थांबणं पसंत करतं. डीडीआर-४ पर्यंतच्या साध्या ईसीसी पट्टीवर ही जादा बिटं डोळ्यांनी दिसतात: घरच्या संगणकाच्या पट्टीवर एका बाजूला ८ काळ्या चिप असतात, तिथे सर्व्हरच्या पट्टीवर ९.

हॅमिंग यांनी ऑपरेटरची गैरहजेरी भरून काढली खरी, पण त्यातून नवी अडचण निघाली. चूक सुधारून यंत्र बिनबोभाट पुढे जात असेल, तर एखादी रॅमची पट्टी महिनोन् महिने झिजत असल्याचं कोणाच्या लक्षात येणार? वापरणाऱ्यांची काहीच तक्रार नसते. मग एके दिवशी शेजारचं दुसरं बिटही उलटतं आणि भर दुपारी सर्व्हर बसतो. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांमध्ये आणि ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये किमान एक तरी सुधारता येणारी चूक आढळली होती. तोवर अशा चुकांचं खापर बहुतांशी अवकाशातून येणाऱ्या कणांवर फोडलं जाई. या अभ्यासात दिसलं ते वेगळं. ज्या पट्टीवर एकदा चूक होते तिच्यावरच पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, म्हणजे बहुतेक वेळा दोष त्या वस्तूतच असतो. हातानं नोंद ठेवणाऱ्यासाठी याहून दिलाशाची गोष्ट नाही, कारण वस्तूतला दोष पुन्हा त्याच जागी येतो आणि पुन्हा येणारी गोष्ट पकडता येते.

पण चुका लिहिल्या जातात कुठे, आणि टिकतात किती काळ? यातला दुसरा भाग बहुतेकांकडून सुटतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला दिसलेल्या घटना एका बफरमध्ये लिहितो. डीमेसेज ही आज्ञा दिली की तो वाचायला मिळतो. त्यात ‘हार्डवेअर एरर’ असं लिहिलेल्या ओळी शोधायच्या. मात्र हा बफर ठरावीक आकाराचा असतो. भरला की जुन्या ओळी पुसल्या जातात आणि रीबूट केलं की सगळंच जातं. जर्नल ही सेवा त्या ओळी डिस्कवर उतरवू शकते, पण तिच्यासाठी लॉगच्या जागेत फोल्डर बनवलेलं नसेल तर तीही रॅममध्येच लिहीत राहते. हे फोल्डर आहे का ते पाहणं, नसेल तर बनवणं, हे पहिल्या दिवसाचं काम.

रॅमच्या सुधारलेल्या आणि न सुधारलेल्या चुकांची मोजणी कर्नलचा एडॅक हा भाग ठेवतो. तीही रीबूटला शून्यावर येते. नेटवर्क कार्डाचे काउंटर तसेच. डिस्क मात्र आपले आकडे स्वतःजवळ जन्मभर बाळगते. बीएमसीची घटनावही वीज गेली तरी टिकते, आणि त्याची नेटवर्क केबल काढलेली असली तरी आयपीएमआय-टूल ही आज्ञा वापरून ती यंत्राच्या आतूनच वाचता येते. एक धोका तेवढा आहे. ही वही लहान असते आणि काही सर्व्हरमध्ये ती भरली की नव्या नोंदी घेतल्याच जात नाहीत. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची दिसली तर ‘दोन वर्षं काही बिघडलं नाही’ असं समजून खूश होऊ नये. आधी वही किती टक्के भरली आहे ते पाहावं. भरली असेल तर तिची प्रत काढून ती रिकामी करावी.

म्हणूनच सर्व्हर अडकला की लगेच रीबूटचं बटण दाबण्याची सवय मोडावी लागते. रीबूटनं यंत्र चालू होतं, पण अर्धा पुरावा त्याच्यासोबत जातो. स्क्रीनवर अक्षरं असतील तर आधी मोबाइलनं फोटो घ्यावा, यंत्र आज्ञा घेत असेल तर डीमेसेज आणि एडॅकचे आकडे फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे ठेवावेत, मगच बटण.

घड्याळांचा घोळ तर हमखास असतो. डीमेसेज मुळात यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद दाखवतो. ऑपरेटिंग सिस्टिम भारतीय वेळेवर असते. बीएमसीचं घड्याळ बऱ्याचदा जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. पॉवर सप्लाय बंद पडल्याची बीएमसीमधली नोंद रात्री ९ वाजून १० मिनिटांची असेल, तर आपल्याकडे तेव्हा उत्तररात्रीचे २ वाजून ४० मिनिटं झालेली असतात आणि तारीखही उलटलेली असते. हे ध्यानात घेतलं नाही तर उत्तररात्रीच्या लोडशेडिंगशी जोडायची घटना आपण रात्री नऊच्या बॅकअपशी जोडून बसतो. बीएमसीची वेळ लावलेलीच नसेल, तर नोंदीपुढे तारखेऐवजी ‘प्री-इनिट’ असं काहीतरी येतं. दर वेळी वाचनाआधी तिन्ही वेळा शेजारी शेजारी लिहाव्यात: हातातल्या घड्याळाची, सिस्टिमची आणि बीएमसीची.

आता आपण हातानं लिहायच्या वहीबद्दल. साधी रेघांची वही पुरते. या कामाचा सगळा जीव ज्या गोष्टीत आहे ती घरच्या लाइटच्या मीटरसारखी आहे: आजच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, मागच्या वाचनापासून किती वाढ झाली यावरून सगळं कळतं. एडॅकमध्ये एका पट्टीपुढे ४१ दिसले, तर ते चांगले की वाईट? सोमवारी ३, मंगळवारी ३ आणि बुधवारी ४१ असेल तर बुधवारी काहीतरी घडलं आहे. चार महिने ४१ च असेल तर त्या पट्टीला एकदा झटका आला आणि ती सावरली. स्वयंचलित यंत्रणा गेल्यावर जी गोष्ट खरोखर हरवते ती म्हणजे कालच्या आकड्याची आठवण, आणि ती वहीत राहते. वाचन रोज ठरलेल्या वेळी घ्यावं. आकडा बदलला नसेल तरी तो पुन्हा लिहावा. ‘ठीक’ असं लिहू नये. रीबूट झालं तर मध्ये आडवी रेघ मारून तसं नोंदवावं, नाहीतर ४१ वरून शून्यावर आलेला आकडा पाहून दुसऱ्याला वाटेल की पट्टी बरी झाली.

वाढ दिसल्यावर पट्टी शोधणं हा या कामातला सर्वांत रंगणारा भाग आहे, त्यामुळे तो सविस्तर सांगतो. एडॅक सांगतो मेमरी कंट्रोलर आणि चॅनेलचा क्रमांक. बोर्डावर छापलेलं असतं ए-१, बी-२. या दोन नावांची सांगड डीएमआयडीकोड या आज्ञेच्या मदतीनं घालता येते, पण ती डोळे झाकून मान्य करू नये. यंत्र बंद करण्याची संधी मिळाली की संशयित स्लॉटमधली पट्टी काढून सर्व्हर सुरू करावा आणि यादीतून तीच ओळ गेली का ते पाहावं. सांगड पक्की झाली की अदलाबदल करायची. संशयित पट्टी आणि एक निर्दोष पट्टी यांच्या जागा बदलायच्या, बाकी कशालाही हात लावायचा नाही. दोन्ही पट्ट्यांना आधी चिकटपट्टी लावून त्यावर जुना स्लॉट आणि तारीख लिहायची. मग पुन्हा रोजची वाचनं. चुका पट्टीबरोबर नव्या जागी गेल्या तर पट्टी खराब. जुन्याच जागी राहिल्या तर दोष स्लॉटमध्ये, बोर्डात किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरमध्ये. अशा वेळी नवी रॅम आणणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि दोन्हीकडून नाहीशा झाल्या तर बहुधा संपर्क सैल होता, पट्टी काढून घालण्यानंच काम झालं. आपल्याकडे अशा वेळी खोडरबरनं पट्टीचे सोनेरी संपर्क घासायची पद्धत आहे. तिनं कधीकधी काम होतं, पण तो सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड वापरावं, घासू नये, पुसावं.

इथे घाई नडते. अनेक सर्व्हर ठरावीक काळानं, साधारण दिवसातून एकदा, पूर्ण मेमरी स्वतःहून वाचून तपासतात. त्यामुळे चूक सापडल्याची वेळ ही चूक झाल्याची वेळ असेलच असं नाही. अदलाबदलीनंतर तासाभरात निकाल मागण्यात अर्थ नसतो; रोजचा भार पडू द्यावा, दोन-चार वाचनं होऊ द्यावीत. न सुधारता येणारी एक जरी चूक दिसली, तर मात्र वाट पाहायची नाही. बॅकअप घ्यावा, तो उघडून पाहावा आणि पट्टी काढावी.

डिस्कच्या बाबतीत स्मार्ट-सीटीएल ही आज्ञा आकड्यांची लांबलचक यादी समोर टाकते आणि नवखा माणूस पहिल्याच ओळीला घाबरतो. काही कंपन्यांच्या डिस्कवर वाचनातल्या चुकांचा कच्चा आकडा कोट्यवधींत दिसतो, कारण त्यात एकूण वाचनांची संख्याही गुंफलेली असते. तो सोडून द्यावा. नोंद ठेवावी ती ५, १८७, १९७, १९८ आणि १९९ या क्रमांकांची. यातल्या ५ आणि १९७ ची जोडी एकत्र वाचायची असते. १९७ म्हणजे वाचता न आलेली, निकाल प्रलंबित असलेली सेक्टर. त्या जागेवर नव्यानं लिहिलं गेलं की निकाल लागतो. जागा बरी निघाली तर १९७ कमी होतो आणि ५ तसाच राहतो. खराब निघाली तर डिस्क राखीव जागा वापरते आणि ५ वाढतो. नुसता १९७ उतरलेला पाहून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात. गूगलनंच २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट वाढलेली त्यात आढळली. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून जास्त डिस्कवर चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकाचीही नोंद नव्हती. म्हणजे आकडे वाढले तर ऐकावं, पण आकडे शांत आहेत म्हणून बॅकअप टाळू नये.

१९९ क्रमांकाचा आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर डिस्क टाकून देण्याआधी केबल बदलून पाहावी. केबल बदलल्यावरही आकडा शून्य होत नाही, कधीच होत नाही. तो तिथेच थांबला तर काम फत्ते. नेटवर्क कार्डावरच्या सीआरसी चुकांनाही हाच न्याय. केबल, स्विचचं पोर्ट, कार्ड, या क्रमानं एकेक बदलत जायचं.

सॉफ्टवेअर रेड असेल तर एमडीस्टॅट नावाची फाइल रोज उघडावी. दोन डिस्कच्या आरशापुढे ‘यूयू’ असेल तर दोन्ही चालू. एका ‘यू’ च्या जागी खालची रेघ दिसली तर सर्व्हर एका डिस्कवर चाललाय, आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. हार्डवेअर रेड कार्डावरच्या बॅटरीचं लक्षण आणखी फसवं असतं. बॅटरी दुबळी झाली की अनेक कार्डं कॅशमध्ये लिहिणं थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात. कोणतीही चूक होत नाही, फक्त ‘आज सॉफ्टवेअर फार हळू चालतंय’ असे फोन येऊ लागतात. ते फोनही वहीत वेळेसकट लिहावेत.

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालावं म्हणून, आणि त्यामुळेच पहिला गेलेला कोणाला कळत नाही. रॅकच्या मागे जाऊन दोन्हींचे दिवे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. दोन्ही एकाच यूपीएसला तर जोडलेले नाहीत ना, तेही तेव्हाच पाहावं. आपल्याकडचे अनुभवी इंजिनिअर सर्व्हर बसवताना मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजतात आणि तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा असा आग्रह धरतात; ही मोजणी बसवण्याच्या दिवशी होते आणि मग विसरली जाते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की ती पुन्हा करण्यासारखी असते. तापमानही सर्व्हरच्या तोंडाशी, हवा आत जाते तिथे मोजावं. ॲशरे या संस्थेनं तिथे १८ ते २७ अंश सेल्सिअस सुचवलं आहे. एसीच्या रिमोटवर दिसणारा आकडा त्याच्या जागी चालत नाही.

हवेतल्या वायूंची तपासणी तर पूर्णपणे हातानंच होते. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे बोर्डांमधलं शिसं हटलं आणि अनेक बोर्डांच्या पृष्ठभागावर चांदीचा पातळ थर आला. गंधकयुक्त वायूंनी तो काळा पडून गंजतो. नाले, खाड्या किंवा रासायनिक कारखाने जवळ असलेल्या सर्व्हर रूममध्ये तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी महिनाभर टांगून ठेवतात आणि मग प्रयोगशाळेत त्यावर चढलेल्या गंजाची जाडी मोजतात. ॲशरेच्या शिफारशीनुसार ती महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या आत असावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा तारापूर परिसरात सर्व्हर ठेवणाऱ्यांनी हा साधा प्रयोग जरूर करावा, असं माझं मत आहे.

एवढं सगळं करूनही एका प्रकारची चूक सुटते: जी कुठेच लिहिली जात नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी असं एक प्रकरण मांडलं. दाबून लहान केलेल्या फाइली उघडताना काहींचा आकार शून्य निघत होता आणि त्या गायब होत होत्या. कोणत्याही लॉगमध्ये चूक नव्हती. माणसांनी प्रोग्राम कापत कापत शेवटी एका ओळीच्या गणितापर्यंत आणला: १.१ चा ५३ वा घात, अपूर्णांक सोडून. उत्तर १५६ यायला हवं; त्या प्रोसेसरचा एक कोअर शून्य देत होता.

हे आपल्या खोलीतही करून पाहता येतं. उत्तर आधीपासून माहीत असलेलं एखादं मोठं गणित किंवा एका मोठ्या फाइलचं चेकसम आठवड्यातून एकदा चालवावं आणि उत्तर वहीतल्या उत्तराशी ताडून पाहावं. टास्कसेट या आज्ञेनं तेच काम एकेका कोअरवर बांधून चालवता येतं. एखाद्याच कोअरचं उत्तर वेगळं येत राहिलं, तर कर्नलला सांगून तेवढा कोअर बंद ठेवता येतो. त्या यंत्रावर आधी तयार झालेल्या फाइली आणि बॅकअप मात्र दुसऱ्या यंत्रावर नेऊन तपासावे लागतात, तो कोअर बरोबर उत्तर देत असल्याची शेवटची नोंद ज्या तारखेची असेल त्या तारखेपासून पुढचे सगळे.